फ्लॉरेन्सहून चार दिवसांत सहा डे ट्रिप? आधी कॅलेंडर बघा, मग गुडघे

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत परत मांडतो, म्हणजे माझा काही गैरसमज झाला असेल तर लगेच कळेल. २९ एप्रिलला, बुधवारी संध्याकाळी तुम्ही पाच जण फ्लॉरेन्सला पोचताय. तुम्ही, मिस्टर, सात वर्षांची लेक आणि आई-बाबा. दोघंही सत्तरीच्या आसपास, आईंचा एक गुडघा कुरकुरतो, बाबा पक्के शाकाहारी, अंडंसुद्धा चालत नाही. सोमवारी ४ मेला सकाळी रोमला निघायचं आणि तिथे दोन दिवस राहून मुंबईची फ्लाइट. मुक्काम सांता मारिया नोव्हेल्ला स्टेशनजवळ. आणि यादी आहे पिसा, लुक्का, सिएना, सान जिमिन्यानो, चिंक्वे तेरे आणि व्हेनिस. "सगळं बसेल ना, आणि कुठल्या क्रमाने करू?"

बसेल की. ट्रेनमध्ये बसेल, आणि तुम्हीही चार दिवस ट्रेनमध्येच बसाल.

चेष्टा सोडा, पण हिशेब बघा. बुधवारची संध्याकाळ सामान टाकण्यात आणि जेवण शोधण्यात जाणार, सोमवार सकाळ बॅगा भरण्यात. हातात राहिले गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार. चार दिवस आणि सहा ठिकाणं, आणि या सगळ्यात खुद्द फ्लॉरेन्स कधी बघणार ते यादीत कुठेच नाही. मी मूळचा साताऱ्याचा, गेली चौदा वर्षं इथे राहतोय आणि त्यातली बरीचशी आपल्याकडच्या मंडळींना या गावांतून फिरवण्यात गेली, आणि ही चूक मी इतक्या वेळा बघितलीय की आता त्याला चूक म्हणायलाही जीव होत नाही, कारण मॅपवर सगळं खरंच जवळजवळ दिसतं.

खरा प्रश्न "कुठे कुठे जाऊ" हा नाहीच आहे. खरा प्रश्न हा आहे की स्टेशनवर उतरल्यावर पुढे काय आहे, सपाटी की चढ, आणि तुम्ही जाताय तो वार कुठला. लोक ट्रेनचा वेळ बघतात, पन्नास मिनिटं, दीड तास वगैरे, आणि ट्रेनमध्ये तर आई-बाबा मजेत बसलेले असतात, तिथे काहीच त्रास नाही. दमछाक होते ती शेवटच्या दीड किलोमीटरमध्ये. तोस्काना, म्हणजे टस्कनी, हा फ्लॉरेन्सचाच प्रांत, आणि तिथली बरीच जुनी गावं टेकडीवर आहेत, कारण ती बांधली तेव्हा शत्रू लांबून दिसणं महत्त्वाचं होतं, टुरिस्टचे गुडघे नव्हे. आपल्या गडांसारखंच. आणि रेल्वे आली शेकडो वर्षांनी, ती गेली खालून, खोऱ्यातून.

आता काही गोष्टी तुमच्यावर अवलंबून आहेत त्या आधीच सांगतो. आई सलग किती चालू शकतात, पर्वतीच्या शंभर-एक पायऱ्या बसत-उठत चढतील का, की घराचा एक मजलाही लिफ्टने? तुमची लेक सकाळी सातला उठून हसतमुख असते की दहापर्यंत कुणाशी बोलत नाही? पाच जणांत टॅक्सीला पैसे टाकायची तयारी आहे का? याची उत्तरं वेगळी असली तर माझाही सल्ला बदलेल. खालचं सगळं मी "आई सपाटीवर आरामात चालतात, चढ नको" असं धरून लिहितोय.

आधी यादीतून दोन नावं खोडूया. व्हेनिस. फ्लॉरेन्सहून फास्ट ट्रेनने दोन तासांच्या थोडं वर, दिसायला ठीक. पण घरातून स्टेशन, वीस मिनिटं आधी पोचणं, तिकडे उतरल्यावर बोटीची रांग, हे सगळं धरलं की जाऊन-येऊन सहा तास नुसते हलण्यात जातात, आणि व्हेनिस बघायचं असतं सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, दिवसाची गर्दी ओसरल्यावर, आणि नेमके तेव्हा तुम्ही ट्रेनमध्ये. वर २०२४ पासून ठरावीक दिवशी, एप्रिल ते जुलैच्या दरम्यान, नुसत्या दिवसभरासाठी येणाऱ्यांना प्रवेश शुल्क लावलंय, आणि ते ठरावीक दिवस म्हणजे नेमके असेच सुट्टीचे आणि वीकेंडचे असतात. व्हेनिसला दोन रात्री द्यायच्या किंवा पुढच्या ट्रिपला ठेवायचं. मधला मार्ग मला तरी सापडलेला नाही.

चिंक्वे तेरे. फोटो बघून कुणालाही जावंसं वाटतं, मलाही वाटलं होतं. समुद्राच्या कड्यावर चिकटलेली पाच गावं, खाली निळं पाणी. पण फ्लॉरेन्सहून ला स्पेत्झियामार्गे एका बाजूने अडीच तास, मग पाच गावांमधली छोटी लोकल, जी सुट्टीच्या दिवसांत आपल्या विरार फास्टची आठवण करून देते. आणि ती गावंही जिन्यासारखी. मधलं कोर्निल्या तर स्टेशनपासून पावणेचारशेच्या वर पायऱ्या चढून, नाहीतर शटल बसची वाट बघत. तुम्ही दोघं एकटे असतात तर म्हणालो असतो पहाटे निघा. आई-बाबा आणि लेकीला घेऊन नको.

राहिली चार. त्यातली पिसा आणि लुक्का सपाट, सिएना आणि सान जिमिन्यानो टेकडीवर. एवढं एक लक्षात ठेवलंत तरी अर्धं काम झालं.

आता कॅलेंडर. तुमच्या चार दिवसांत दोन फटाके लपलेत. शुक्रवारी १ मे. आपल्याकडे महाराष्ट्र दिन, इथे कामगार दिन, आणि इटलीत तो खरोखर पाळतात, म्हणजे बस चालवणारेही कामगारच असल्यामुळे बस जवळजवळ बंदच. ट्रेन धावतात. त्यात यंदा शुक्रवार आल्यामुळे लाँग वीकेंड, त्याला इकडे 'पोन्ते' म्हणजे पूल म्हणतात, सुट्टीवरून सुट्टीवर जायचा पूल. म्हणजे निम्मी इटली तुमच्याबरोबर फिरायला निघालेली असणार. दुसरा फटाका रविवारी, ३ मे. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी म्युझियम फुकट असतात, त्यात उफिझी आली आणि डेव्हिडचा पुतळा असलेली अकादेमियाही आली. फुकट ऐकून खूश होऊ नका, त्या दिवशीची रांग बघितलीत तर तुम्हीच पैसे द्यायला तयार व्हाल. आणि म्युझियम सोमवारवर ढकलू म्हणाल तर सोमवारी ही दोन्ही बंद असतात, शिवाय तुम्ही निघालेले. रविवारी बसच्या फेऱ्याही कमी असतात.

हे सगळं एकत्र ठेवलं की क्रम आपोआप लागतो. मी तुमच्या जागी असतो तर गुरुवारी, ३० तारखेला, उफिझी किंवा अकादेमिया, जे हवं ते, आधीपासून वेळ बुक करून सकाळीच उरकलं असतं. दुपारी घरी येऊन झोप. हो, झोप. आई-बाबांबरोबरच्या ट्रिपमध्ये दुपारची झोप ही सगळ्यात स्वस्त लक्झरी आहे. आणि संध्याकाळी ७ नंबरची बस पकडून फिएसोलेला. शहरातलीच बस, वीस-पंचवीस मिनिटांत वर टेकडीवर नेऊन सोडते, चढ बस चढते, तुम्ही नाही. वर छोटासा चौक, रोमन थिएटरचे अवशेष, आणि खाली अख्खं फ्लॉरेन्स, मधोमध तो विटकरी घुमट. व्ह्यू पॉइंटसाठी मठाकडे जाणारा एक चढ आहे तो खडा आहे, तिथे तुम्ही दोघं आणि लेक जा, आई-बाबांना चौकात कॉफी घेऊन बसवा. एप्रिलअखेर इथे आठपर्यंत उजेड असतो. ही खरं तर डे ट्रिप नाही, पण 'गावाबाहेर गेलो, डोंगरावरून बघितलं' हे समाधान तीन तासांत मिळतं.

शुक्रवार, १ मे, फ्लॉरेन्समध्येच पायी. मधलं जुनं शहर सपाट आहे आणि लहान आहे. घुमटाच्या चर्चच्या भोवती एक फेरी, पोन्ते वेक्किओ हा जुना पूल, नदीपलीकडच्या गल्ल्या. काय उघडं आहे ते त्या दिवसापुरतं आधी बघून घ्या.

शनिवार सिएना, रविवार पिसा-लुक्का. का ते सांगतो. सिएनाला बस सोयीची आणि बस शनिवारी नीट चालते. पिसा-लुक्काला ट्रेन सोयीची आणि ट्रेन रविवारीही चालते. उलटं केलंत तर रविवारच्या बसच्या नादी लागावं लागेल.

आता पिसा-लुक्काबद्दल जरा सविस्तर, कारण तुमच्या ग्रुपसाठी हा सगळ्यात चांगला दिवस आहे असं माझं मत आहे, आणि लोक तो नेमका उलटा करतात. म्हणजे सकाळी पिसा, मनोऱ्याला हात टेकवल्याचा फोटो, मग "वेळ उरला तर लुक्का". मी आधी लुक्काला नेतो. सांता मारिया नोव्हेल्लाहून प्रातो, पिस्तोयामार्गे साधारण एक तास वीस मिनिटं. बोर्डवर बऱ्याचदा लुक्का दिसणारच नाही, 'वियारेज्जो' असं शेवटच्या स्टेशनचं नाव असेल, तीच गाडी. स्टेशनवर पिवळं पोस्टर म्हणजे सुटणाऱ्या गाड्या, पांढरं म्हणजे येणाऱ्या, त्या पिवळ्यावर मधली स्टेशनंही लिहिलेली असतात.

लुक्काला उतरलात की समोरच तटबंदी दिसते, चालत पाच मिनिटं. ही तटबंदी चार किलोमीटरच्या वर, अख्ख्या गावाभोवती, सोळाव्या-सतराव्या शतकात बांधलेली आणि अजून पूर्ण शाबूत. गंमत म्हणजे तिच्यावर कधी लढाईच झाली नाही. तिने वाचवलं ते पुरापासून, १८१२ मध्ये सेर्कियो नदी फुगली तेव्हा दरवाजे बंद करून गाव कोरडं ठेवलं. तेव्हा इथे नेपोलियनची बहीण एलिसा राज्य करायची, ती बाहेर अडकली म्हणून तिला क्रेनने तटावरून आत उतरवलं असं गावात सांगतात. आज तटावर मोठमोठी झाडं आहेत, वर सपाट रुंद रस्ता, गाड्या नाहीत, आणि दरवाज्यांजवळ सायकली भाड्याने मिळतात. त्यात चार चाकांची, वर छप्पर असलेली पण असते. मिस्टर आणि तुम्ही पेडल मारा, आई-बाबा मागे राजासारखे. तासाभरात अख्ख्या गावाची प्रदक्षिणा होते आणि कुणाचाही गुडघा वाकत नाही, म्हणजे तुमचे दोघांचे सोडून.

आत गावात अंडाकृती चौक आहे, तो रोमन अँफिथिएटरच्या पायावर उभा आहे, दोन हजार वर्षांपूर्वीच्या प्रेक्षकांच्या जागी आता लोकांची घरं. आणि डोक्यावर झाडं उगवलेला एक मनोरा, ग्विनीजी घराण्याचा, खालून बघितला तरी चालतो. संगीतकार पुच्चिनी इथलाच, १८५८ चा जन्म, त्याचा पुतळा सिगरेट हातात धरून आरामात बसलाय.

जेवण लुक्कातच, साडेबारा-एकला. इथे किचन अडीचच्या सुमारास बंद होतं ते संध्याकाळी सात-साडेसातपर्यंत, ही गोष्ट आपल्या लोकांना फार महाग पडते. तीन वाजता भुकेने कासावीस झालेले बाबा आणि समोर फक्त थंड सँडविच, हे चित्र मी दरवर्षी बघतो. आई-बाबांना तसंही साडेबाराला जेवायची सवय असेल, तीच पाळा.

मग लुक्काहून पिसाची लोकल, अर्धा तास. इथे एक गुपित, म्हणजे गुपित असं काही नाही पण माहीत नसतं. पिसा सेंट्रलला जाऊ नका, त्याच्या आधी 'पिसा सान रोस्सोरे' नावाचं छोटं स्टेशन येतं, तिथे उतरा. तिथून मनोरा चालत पाच-दहा मिनिटं. सेंट्रलहून पंचवीस-तीस मिनिटं चालावं लागतं. गाडी तिथे थांबते ना एवढं चढण्याआधी बघा, आणि रविवारी या लाइनला गाड्या कमी असतात म्हणून जेवायला बसण्याआधीच पुढच्या दोन गाड्यांच्या वेळा फोनमध्ये टिपून ठेवा. चारच्या सुमारास पोचलात की बसने आलेले मोठे ग्रुप परत निघालेले असतात, ऊन पिवळं होतं, हिरवळीवर पांढरं संगमरवर, तेव्हाचा पिसा आणि सकाळी अकराचा पिसा ही दोन वेगळी गावं आहेत.

लेकीला एक गोष्ट आधीच सांगून ठेवा, नाहीतर तिथे रडारड होईल. आठ वर्षांखालच्या मुलांना मनोऱ्यावर सोडत नाहीत. हट्ट करून उपयोग नाही, नियम कडक आहे. तुमच्यापैकी एकाला चढायचं असेल तर वेळ लावून तिकीट आधी काढा, बॅगा खाली जमा कराव्या लागतात, आणि अडीचशेच्या वर पायऱ्या आहेत, म्हणजे पर्वतीच्या दुपटीहून जास्त. मी कित्येकदा चढलोय, तरी आतला गोल जिना दर वेळी फसवतो. एका बाजूला असताना पाय आपोआप भिंतीकडे ओढले जातात, अर्धा वळसा घेतला की उलट बाजूला. पायऱ्यांचे दगड बघा, कुठे आतल्या कडेला खोलगट झिजलेत, कुठे बाहेरच्या. शेकडो वर्षं लोक त्याच जागी तोल सावरत आलेत त्याची ती खूण.

बाबांना इंजिनीअरिंगची आवड असेल तर ही कथा सांगा. बांधकाम ११७३ ला सुरू झालं, तिसऱ्या मजल्यापर्यंत येईतो खालच्या मऊ चिकणमातीत एक बाजू खचायला लागली, आणि मग लढायांमुळे काम जवळजवळ शतकभर थांबलं. त्या थांबण्यानेच तो वाचला, कारण तेवढ्या काळात खालची माती दाबून घट्ट झाली, सलग बांधला असता तर कधीच पडला असता. आपल्याकडे रखडलेल्या पुलांचं असं काही भलं झाल्याचं ऐकिवात नाही. १९९० मध्ये धोका वाढला म्हणून बंद केला, मग झुकलेल्या बाजूच्या विरुद्ध, उत्तरेकडून थोडी थोडी माती काढून घेतली, आणि मनोरा जवळजवळ अर्धा अंश परत सरळ झाला. २००१ च्या डिसेंबरमध्ये उघडला. पूर्ण सरळ करायचा विचार कुणाच्याच मनात नव्हता, तो सरळ झाला तर बघायला कोण येणार?

आता बाबांचं जेवण. पिसा आणि लुक्का या पट्ट्यात 'चेचीना' मिळते. आपल्या बेसनासारखंच चण्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल आणि मीठ, पातळ घोळ तासन्‌तास भिजवून मोठ्या गोल तांब्याच्या परातीत ओतून भट्टीत भाजतात, वर मिरपूड. वरून खरपूस, आत मऊ, धिरडं आणि पाटवडी यांच्या मधलं काहीतरी. अंडं नाही, चीज नाही, मैदा नाही. माझे बाबा आले होते तेव्हा आठवडाभर इकडची जेवणं गप्प गिळत होते, चेचीनाचा पहिला घास घेतला आणि काही न बोलता पिशवीतून शेंगदाण्याच्या चटणीची पुडी काढली. काउंटरमागच्या बाईंनी बोट लावून चाखली, डोळे पुसले आणि आणखी मागितली. तर चटणी बरोबर ठेवा.

बाकी शाकाहाराचं एवढंच. सुका पास्ता बिनअंड्याचा असतो, पण 'फ्रेस्का' म्हणजे ताजा पास्ता बहुतेक ठिकाणी अंड्याचा. अपवाद सिएनाकडची 'पीची', जाड शेवयांसारखी, ती पारंपरिक पद्धतीने पीठ-पाण्याचीच. तरी विचारा, 'सेन्झा उओवा?' म्हणजे अंड्याशिवाय. रिबोल्लीता म्हणजे शिळा पाव, पांढरे राजमे आणि काळसर पालेभाजी घातलेलं दाट सूप, आपल्या घरच्यासारखं लागतं, पण स्टॉक मांसाचा नाही ना ते विचारायचं. पाव अळणी लागेल, तो बिघडलेला नाही, इथला पाव बिनमिठाचाच करतात. आणि बाबा फारच कडक असतील तर पार्मेजान चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने, म्हणजे दूध गोठवणाऱ्या अर्काने, बनतं हे माहीत असू द्या, सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

परत येताना पिसा सेंट्रलहूनच या. मनोऱ्यापासून टॅक्सी करा, पायांनी दिवसभराचं काम केलेलं असतं. सेंट्रलहून फ्लॉरेन्सला गाड्या भरपूर आणि रात्री उशिरापर्यंत, तासाभरात घरी. म्हणूनच मी पिसा शेवटी ठेवतो. डे ट्रिपला परतीची शेवटची गाडी कधीच आपली गाडी धरायची नाही, तिच्या आधीच्या दोन आपल्या.

सिएना. इथे माझा सल्ला ट्रेनच्या विरुद्ध आहे. ट्रेनही दीड तासच घेते, पण स्टेशन खाली आणि गाव वर. स्टेशनसमोरच्या मॉलमधून एकामागून एक सरकते जिने आहेत, ते चांगलेच आहेत, पण वर पोचल्यावरही मुख्य चौक वीस मिनिटं लांब. बस सांता मारिया नोव्हेल्लाच्या शेजारच्या स्टँडवरून सुटते, 'रापिदा' लिहिलेली पकडलीत तर सव्वा तासात थेट वरच, जुन्या गावाच्या तोंडाशी सोडते. लाँग वीकेंडचा शनिवार आहे, आठच्या आसपासचीच बस धरा.

तिथून काम्पो चौक दहा-बारा मिनिटं, जाताना बहुतेक उतार. यातच मेख आहे, येताना तोच चढ, आणि तेव्हा पाय दमलेले. सिएनाचा हा चौक शिंपल्यासारखा मधे खोलगट आहे, विटांचा, नऊ पाकळ्यांचा, मध्ययुगात गावावर राज्य करणाऱ्या नऊ जणांच्या मंडळाची आठवण. लोक सरळ जमिनीवर पसरतात, तुम्हीही पसरा, आईंसाठी कॅफेची खुर्ची घ्या. कॉफी महाग पडेल, ते खुर्चीचं भाडं समजा. २ जुलै आणि १६ ऑगस्टला याच चौकात घोड्यांची शर्यत होते, गावातल्या सतरा वाड्यांपैकी दर वेळी दहांची आपापसात, दीड-एक मिनिटाची, आणि तिच्यावरून वर्षभर भांडणं. वाड्यांचे झेंडे आणि प्राणी, गोगलगाय, हंस, कासव, गेंडा, भिंतीभिंतीवर दिसतात. लेकीला सतरा शोधायचा खेळ लावून द्या, चालायला कुरकुर करणार नाही.

कॅथेड्रल चौकाच्या वरच्या अंगाला, तिथे चढ आहेच. आईंना जमत नसेल तर टॅक्सी करून वर न्या आणि तिथून खाली उतरत या. शेजारी एक प्रचंड भिंत एकटीच उभी दिसेल. १३३९ मध्ये सिएनाकरांनी फ्लॉरेन्सला खिजवायला चर्च दुप्पट करायला घेतलं, १३४८ च्या प्लेगने निम्मंअधिक गाव नेलं, आणि ती भिंत तशीच राहिली. पाऊस असेल तर मात्र सिएना रद्द, ओल्या दगडांवर उतार म्हणजे आईंच्या गुडघ्याशी जुगार. त्या दिवशी बोलोन्याला जा. फास्ट ट्रेनने चाळीस मिनिटांच्या आत, ऐनवेळी तिकीट महाग पडेल, पण गाव सपाट आणि मैलोन्‌मैल कमानींचं छप्पर असलेले फुटपाथ, छत्री न उघडता दिवस जातो. त्या कमानींना २०२१ मध्ये युनेस्कोचा दर्जा मिळाला. फक्त बाबांनी तिथे ताज्या पास्त्यापासून जपायचं, सगळा अंड्याचा.

सान जिमिन्यानो. एकेकाळी बहात्तर मनोरे होते म्हणतात, आता चौदा उरलेत, लांबून फार सुंदर दिसतं. पण बस पोज्जिबोन्सीला बदलावी लागते. माझ्या पहिल्याच वर्षी कोल्हापूरच्या एका जोडप्याला घेऊन गेलो होतो, रविवारी. वेळापत्रकात 'फेरियाले' लिहिलेल्या फेऱ्या बघून मी खूश, कारण इटालियनमध्ये 'फेरिये' म्हणजे सुट्टी. प्रत्यक्षात 'फेरियाले' म्हणजे कामाचे वार, आणि सुट्टीचे ते 'फेस्तिवो'. संध्याकाळी साडेसहाला रिकाम्या स्टॉपवर आम्ही तिघं, काका शांतपणे म्हणाले, "एस.टी. पण अशीच असते हो." शेवटी टॅक्सीने पोज्जिबोन्सीचं स्टेशन गाठलं, त्या दिवसाची माझी कमाई त्यात गेली. तर हे गाव बघायचंच असेल तर शनिवारी ड्रायव्हरसकट व्हॅन करा, सान जिमिन्यानो आणि सिएना एकाच दिवशी होतात, पाच जणांत वाटून खर्च जड जात नाही. स्वतः गाडी भाड्याने घेऊ नका. जुन्या गावांत बाहेरच्या गाड्यांना बंदी असते, कॅमेरा नंबर टिपतो आणि दंडाचं पत्र काही महिन्यांनी बोरिवलीत की ठाण्यात, जिथे असाल तिथे येतं.

तिकिटांचं पटकन. पिसा-लुक्काच्या रीजनल गाड्यांचे दर ठरलेले असतात, आधी काढून स्वस्त होत नाहीत, एका बाजूला साधारण दहा युरोच्या आसपास, त्याच दिवशी काढा. रोमची फास्ट ट्रेन मात्र आजच काढून टाका. कागदी रीजनल तिकीट चढण्याआधी प्लॅटफॉर्मवरच्या मशीनमध्ये ठप्पा मारून घ्यायचं, मोबाईलवरचं असेल तर चेक-इन करायचं, नाहीतर तिकीट असून दंड. मी भरलाय एकदा, टीसीला मराठीत मनातल्या मनात बरंच काही बोलून. तिकीट मशीनपाशी कुणी "मे आय हेल्प" म्हणत आलं तर मान हलवून नको म्हणा. संप असेल तर 'शोपेरो' हा शब्द बातम्यांत दिसतो, कामाच्या दिवशी तेव्हाही सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ रीजनल गाड्यांची हमी असते.

तर सध्यापुरतं गुरुवार म्युझियम आणि फिएसोले, शुक्रवार फ्लॉरेन्स पायी, शनिवार सिएना, रविवार लुक्का मग पिसा. आईंना जिने उतरताना जास्त त्रास होतो की चढताना तेवढं विचारून कळवा. उतरताना होत असेल तर सिएनात कॅथेड्रल आधी की काम्पो आधी हे उलटं करावं लागेल, आणि टॅक्सी कुठून कुठे घ्यायची तेही.